दुचाकीचा स्वस्त ‘इंपोर्टेड’ पार्ट: कोणता घ्यावा, कोणता टाळावा आणि कसा तपासावा

माझ्या हत्यारांच्या पेटीत लाल रंगाच्या ब्रेक-क्लच लिव्हरांची एक जोडी गेली काही वर्षे पडून आहे. ॲल्युमिनियमची, सीएनसी यंत्रावर कापलेली, बोटांपासूनचे अंतर सहा टप्प्यांत बदलता येणारी आणि गाडीच्या मूळ लिव्हरांपेक्षा कितीतरी देखणी अशी ती जोडी मी साडेपाचशे रुपयांना ऑनलाइन मागवली, घरीच बसवली आणि पुढच्या रविवारी कात्रजच्या जुन्या घाटाने शिरवळकडे निघालो. खेड शिवापूर यायच्या आत गाडी जड वाटू लागली आणि पुढच्या चाकाकडून करपल्यासारखा वास येऊ लागला. उतरून पाहिले तर गाडी जागची हलेना आणि ब्रेकचा लिव्हर दगडासारखा घट्ट झालेला. शेवटी चाकापाशी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल आठच्या पान्याने अर्धा फेरा ढिला केला, तशी ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटले. हेच घाटातल्या वळणावर झाले असते, तर हा लेख लिहायला मी बहुधा नसतो.

घरी आल्यावर दोन्ही लिव्हर शेजारी ठेवून व्हर्नियर कॅलिपरने मापले. नवा लिव्हर कच्चा नव्हता. उलट धातू चांगला जाड होता. फरक होता तो लिव्हर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवर बसून ब्रेक ऑइल दाबणाऱ्या नळकांड्याच्या, पिस्टनला जिथे टेकतो त्या टोकात. नव्या लिव्हरचे टोक मूळ टोकापेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरने पुढे आलेले होते. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइलच्या टाकीकडे जाणारे सुईच्या टोकाएवढे एक छिद्र असते. लिव्हर पूर्ण सोडला की पिस्टनचा रबरी वायसर त्या छिद्राच्या मागे जातो आणि तापून फुगलेल्या ऑइलला टाकीत परतायला वाट मिळते. टोक लांब असले की पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि छिद्र झाकलेलेच राहते. मग पॅड डिस्कला किंचित घासत राहतात, त्या घर्षणाने ऑइल तापते, तापलेले ऑइल फुगून पॅड आणखी दाबते, आणि काही किलोमीटरांत ब्रेक स्वतःहून लागतो.

तेव्हापासून कोणी ‘चायनाचा पार्ट चालेल का?’ असे विचारले की मी त्याला आधी दोन प्रश्न उलट विचारतो: हा भाग भर रस्त्यात दगा देईल तेव्हा काय होईल, आणि त्या भागासाठी जाब विचारता येईल असे नावपत्त्याचे कोणी आहे का? किंमत आणि देश या दोन्ही गोष्टी त्यानंतर येतात.

आधी शब्दांचा घोळ

पुण्यात नाना पेठेत किंवा दिल्लीत करोल बागेत पार्ट घ्यायला गेलात, तर ‘ओरिजिनल’, ‘कंपनी’, ‘ओईएम’, ‘इंपोर्टेड’, ‘फर्स्ट कॉपी’ आणि ‘लोकल’ हे शब्द तुमच्यावर एकामागून एक येऊन आदळतात आणि त्यांचे अर्थ दुकानागणिक बदलतात. म्हणून वस्तुस्थिती काय असते ते पाहून घेतलेले बरे.

दुचाकी कंपनी आपल्या गाडीतला प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर, दिवे, चेन, बेअरिंग असे भाग पुरवठादार कारखान्यांतून येतात आणि त्यांतले कितीतरी कारखाने आपल्याच चाकण आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. एन्ड्युरन्स, व्हॅरॉक, गॅब्रिएल यांसारखे पुरवठादार स्वतःच्या नावाच्या डब्यातही सुटे भाग बाजारात विकतात. दुचाकी कंपनीचा शिक्का असलेल्या डब्यापेक्षा हा डबा बहुधा स्वस्त पडतो. पैसे वाचवायचे असतील तर पहिली वाट ही. ‘इंपोर्टेड’च्या आधी तिचा विचार करावा.

दुसरा प्रकार म्हणजे नाव कमावलेल्या आफ्टरमार्केट, म्हणजे थेट बाजारात बदली भाग विकणाऱ्या, कंपन्यांचा माल. त्यात कोईम्बतूरच्या एल. जी. बालकृष्णन कंपनीची रोलॉन चेन येते, तशी जपानची डीआयडी चेनही येते. यांतला काही माल आयात केलेला असतो, पण स्वस्त असतोच असे नाही. तिसरा प्रकार बिननावी आयात मालाचा: प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत आलेला, नाव दर महिन्याला बदलणारा, आणि एकाच साच्यातून निघालेला असूनही सात नावांनी विकला जाणारा. चौथा प्रकार उघड बनावट मालाचा, म्हणजे डबा नामांकित कंपनीचा आणि आत भलतेच काही. माझ्या मते तिसऱ्या प्रकारापेक्षा चौथा अधिक घातक आहे, कारण बिननावी पार्ट घेणारा निदान सावध असतो. डब्यावर विश्वास टाकून गाफील राहिलेल्या माणसाचे तसे नसते.

आता देशाविषयी. चीनमध्ये बनले म्हणजे निकृष्ट, हे समीकरण चुकीचे आहे. केटीएमच्या ७९० सीसीच्या गाड्या चीनमधल्या सीएफमोटोच्या कारखान्यात बनल्या आहेत आणि त्याच केटीएमची चाकणला बनलेली ३९० युरोपात विकली जाते. कारखाना कोठेही असो, त्याला माप, धातू आणि चाचणी यांचे मापदंड घालून देणारा आणि माल परत पाठवण्याची ताकद असलेला खरेदीदार असला की माल चांगला निघतो. बिननावी पार्टच्या पाठीशी असा खरेदीदार नसतो. तिथे मागणी एवढीच असते की फोटोत छान दिसावा आणि किंमत कमी असावी.

मोडला तर काय होईल

पार्टची विभागणी मी महाग-स्वस्त अशी न करता परिणामांवरून करतो.

मोडला तर माणूस पडू शकतो, अशा भागांत ब्रेकची संपूर्ण साखळी येते: लिव्हर, मास्टर सिलिंडर, होज पाइप, कॅलिपर, पॅड, डिस्क आणि ड्रमचे ब्रेक शू. शिवाय टायर, चाके आणि त्यांची बेअरिंगे, ॲक्सल, हँडल, पुढचे फोर्क, स्टिअरिंगचे कोन सेट, चेन-स्प्रॉकेट आणि थ्रॉटल केबल, म्हणजे ॲक्सिलरेटरची तार. या यादीतला कोणताही भाग बिननावी आयात मालातून घेऊ नये, मग तो निम्म्या किमतीत मिळो की फुकट. थ्रॉटल केबल पाहून काहींना नवल वाटेल. पण केबलचे आवरण आतून खडबडीत असेल आणि तार अडकली, तर मूठ सोडूनही गाडी पळत राहते.

मोडला तर माणूस रस्त्यात अडकतो, असे भाग दुसऱ्या गटात येतात: बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, इग्निशन कॉइल, क्लच प्लेट, फ्युएल पंप, सेन्सर. इथे धोका खिशाला जास्त आणि जिवाला कमी असतो, तरी रात्री माळशेज घाटात गाडी बंद पडणे म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणाच्या निकषांच्या गाड्यांत इंधनाचे प्रमाण सेन्सरवरून ठरत असल्याने, भलताच ऑक्सिजन सेन्सर बसवला की गाडी चालते, पण पेट्रोल जास्त पिते आणि धक्के देते.

मोडला तर केवळ डोळ्यांना खुपतो, असा तिसरा गट: टाकीवरचे पॅड, ग्रिपचे रबर, नंबर प्लेटची चौकट, फेअरिंगचे छोटे तुकडे, सीट कव्हर. इथे खुशाल स्वस्त घ्यावे. मोबाइलचा होल्डर याच गटातला, पण त्यात एक मेख आहे: मोटारसायकलच्या इंजिनाच्या तीव्र कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ साली आपल्या ग्राहकांना दिला होता. दोनशे रुपयांच्या होल्डरपायी महागड्या फोनचा कॅमेरा घालवू नये, एवढेच.

काही भाग मात्र या विभागणीला फसवतात. आरसा तिसऱ्या गटातला वाटतो, पण ज्या आरशात मागचा ट्रक थरथरता ठिपका दिसतो, तो पहिल्या गटात गणावा. साइड स्टँडचा स्विचही तसाच. स्टँड खाली असताना इंजिन बंद ठेवणे हे त्याचे काम. तो खराब झाला म्हणून गॅरेजमध्ये त्याच्या वायरी जोडून टाकतात, आणि स्टँड खाली राहिलेली गाडी डावीकडच्या पहिल्याच वळणावर आपटते.

दुकानात आणि ऑनलाइन

डबा हातात घेतल्यावर आधी लेबल वाचावे. वैधमापनशास्त्राच्या २०११ सालच्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव आणि पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे बंधनकारक आहे. नुसते ‘इंपोर्टेड क्वालिटी’ लिहिलेला आणि यांपैकी काहीच नसलेला डबा पाहिला की माझी खरेदी तिथेच थांबते. ज्या मालावर आपले नाव छापायला आयातदारच तयार नाही, तो माल मी माझ्या चाकाला का लावावा? ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवणे आवश्यक आहे. वस्तूच्या वर्णनात खाली शोधले की तो सापडतो.

त्यानंतर ‘युनिव्हर्सल’ हा शब्द. ग्रिपच्या बाबतीत तो चालेल, ब्रेकच्या बाबतीत मुळीच चालणार नाही. ‘सर्व १५० ते २०० सीसी गाड्यांना बसतो’ असे लिहिलेला लिव्हर एकाही गाडीसाठी नेमका बनवलेला नसतो. माझी लाल जोडी याच शब्दाखाली विकली गेली होती. गाडीच्या पुस्तिकेतून किंवा अधिकृत दुकानातून मूळ पार्टचा क्रमांक लिहून घ्यावा आणि विक्रेत्याला तो क्रमांक सांगून विचारावे. जो फक्त गाडीचे नाव विचारतो आणि मॉडेलचे वर्ष विचारत नाही, त्याच्यापासून जरा जपून. एकाच नावाच्या गाडीत एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा, आल्यावर डिस्क, कॅलिपर आणि चाकाचे हबही बदललेले असू शकतात.

खुणांचा अर्थ माहीत असावा. दुचाकीचा टायर आयात केलेला असला तरी त्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकला की परवानाधारकाचे नाव दिसते. टायरच्या कडेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘१४२४’ असेल तर तो २०२४ च्या चौदाव्या आठवड्यातला. दिव्यांवर वर्तुळातले ‘ई’ अक्षर आणि त्याला लागून देशाचा आकडा असतो, ती युरोपीय मान्यतेची खूण. ‘सीई’ ही दोन अक्षरे मात्र वेगळी आहेत आणि ब्रेक पॅडवर ती छापलेली असली तरी ब्रेक लागेल की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाहीत. अर्थात छपाई स्वस्त असते, म्हणून खूण दिसली की तपासणी संपली असे मानू नये.

ब्रेक पॅड

पॅडची तपासणी दुकानातच सुरू करावी. जुना पॅड खिशात घालून न्यावा, हे सर्वांत साधे आणि सर्वांत उपयोगी. नवा पॅड त्याच्यावर ठेवून लोखंडी पाटीची जाडी, पिनेच्या भोकांची जागा आणि कानांचा आकार जुळतो का, ते पाहावे. पाटी मूळ पॅडपेक्षा पातळ असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर ती वाकते. मग घर्षणाचा थर पाटीला कसा चिकटवला आहे ते कडेने उजेडात धरून बघावे. कडेला केसाएवढीही फट किंवा सुटलेला कोपरा दिसला तर तो पॅड परत करावा, कारण हा थर पाटीपासून सुटला की लोखंडावर लोखंड घासते आणि लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही.

पाटीच्या मागे बॅच क्रमांक आणि पुष्कळदा ‘एफएफ’, ‘जीजी’ किंवा ‘एचएच’ अशी दोन अक्षरे असतात. पहिले अक्षर कमी तापमानातले आणि दुसरे जास्त तापमानातले घर्षण दाखवते; ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे त्याहून अधिक. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा उतरते असेल, तर पॅड तापल्यावर ढिला पडणारा आहे असे समजावे. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, आंबेनळी घाट उतरताना जाणवते. अक्षरे मुळीच नसली म्हणजे पॅड वाईटच असे नाही, पण विश्वास ठेवायला एक कारण कमी होते.

नवे पॅड बसवल्यावर लगेच घाईच्या रस्त्यावर जाऊ नये. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने वीस-तीस वेळा वेग कमी करावा आणि मधेमधे ब्रेक थंड होऊ द्यावा. यात डिस्क निळसर झाली, पॅड करकरू लागला किंवा चिरफळ्या उडाल्या, तर तो उतरवून ठेवावा. जुना ब्रेक उघडताना धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ‘ॲस्बेस्टॉस-फ्री’ असे लिहिलेले नसेल तर विशेषच. आपल्याकडच्या गॅरेजमधली पोरे ही धूळ दिवसभर तोंडावर घेतात, हे पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

लिव्हर बसवायचाच असेल तर

चांगल्या नावाच्या कंपनीचा, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला लिव्हर घ्यावा आणि बसवल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. लिव्हरला सुरुवातीला काही मिलिमीटर मोकळी चाल हवी, आणि ती अंतर बदलण्याच्या प्रत्येक टप्प्यावर हवी. पहिल्या टप्प्यावर ठीक असलेला लिव्हर सहाव्यावर पिस्टन दाबून ठेवू शकतो. दुसरे, ब्रेकचा मागचा दिवा लिव्हर सोडल्यावर विझला पाहिजे. तिसरी तपासणी मला सर्वांत विश्वासाची वाटते. ऑइलच्या टाकीचे झाकण उघडावे, भोवती ओले फडके गुंडाळावे, तोंड दूर ठेवून लिव्हर अगदी हळू दाबावा. चाल सुरू होताना ऑइलच्या तळाशी बारीकसा बुडबुड्यासारखा उसळा दिसला, तर ऑइल टाकीत परतण्याचे ते छिद्र उघडे आहे. दिसला नाही, तर लिव्हर काढून मूळचा लावावा; टोक कानशीने घासून बघण्याचा उद्योग करू नये. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो.

चेन, बोल्ट, दिवे

चेनच्या बाबतीत फसवणूक मापातून होत नाही, धातूतून होते. छोट्या गाड्यांवरची ४२८ क्रमांकाची चेन घ्या किंवा मोठ्यांवरची ५२०, कड्यांचे अंतर अनुक्रमे १२.७ आणि १५.८७५ मिलिमीटर असे ठरलेले असते आणि स्वस्त चेनही त्या मापात बसते. पण तिच्या पिना आणि बुश नीट कडक केलेले नसतात, त्यामुळे ती लवकर आणि असमान लांबते. मागचे चाक उचलून हळूहळू फिरवावे आणि दर पाव फेऱ्याला चेनची ढिलाई पाहावी. एका जागी २५ मिलिमीटर आणि दुसऱ्या जागी १० भरत असेल तर ती चेन फार दिवसांची नाही. तुटलेली चेन इंजिनच्या स्प्रॉकेटपाशी गोळा झाली की केसिंग फोडते किंवा चाक जाम करते. जोडकड्याची क्लिप लावताना तिचे बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला असावे. ही क्लिप उलटी लावणारे मेकॅनिक मी मोजायचे सोडून दिले आहे.

निळ्या-जांभळ्या झाकेच्या ‘टायटॅनियम’ बोल्टांची सध्या फार चलती आहे. नंबर प्लेटला लावा, हरकत नाही. कॅलिपर, हँडलचा क्लॅम्प किंवा डिस्क यांना लावू नका. मूळ बोल्टच्या डोक्यावर ‘८.८’ किंवा ‘१०.९’ असा आकडा असतो. ८.८ म्हणजे सुमारे ८०० मेगापास्कल इतक्या ताणाला तुटणारा आणि त्याच्या ८० टक्के ताणापर्यंत आकार न सोडणारा बोल्ट. रंगीत बोल्टवर असा आकडा बहुधा नसतो. तो खरोखर टायटॅनियमचा आहे का, हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळते: त्याच मापाच्या पोलादी बोल्टच्या निम्म्याहून थोडे जास्त वजन भरले तर टायटॅनियम असू शकते, जेमतेम एक तृतीयांश भरले तर ते रंगवलेले ॲल्युमिनियम आहे. आवळताना त्याचे आटे झडतात किंवा डोके हातात येते, आणि तसे पान्याखालीच झाले तर नशीब म्हणायचे.

दिव्यांत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. काही हेडलाइटांचा डिपचा झोत मुद्दाम एका बाजूला उंचावलेला असतो, म्हणजे रस्त्याची कड उजळते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही. आपण डावीकडून चालतो, म्हणून हा उंचवटा डावीकडे हवा. चीनमध्ये वाहतूक उजवीकडून चालते. तिथल्या रस्त्यांसाठी बनवलेला तसा दिवा इथे लावला, तर उंचवटा नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब घातला तरी असेच होते, कारण उजेड मूळ तारेच्या जागेवरून न निघता भलतीकडून निघतो आणि विस्कटतो. रात्री गाडी भिंतीपासून पाच मीटरवर सरळ उभी करून डिप लावावा. वरची कड स्पष्ट आणि दिव्याच्या उंचीपेक्षा खाली दिसली पाहिजे. भिंतभर धूसर पांढरेपणा पसरला तर बल्ब काढून ठेवावा. जादा वायरिंग करायचेच असेल तर फ्यूज आणि रिले लावून करावे. वायर सोलून, तिला पीळ देऊन, वर टेप गुंडाळण्याची पद्धत पहिल्या पावसापर्यंत टिकते.

रेग्युलेटर बदलला असेल तर मल्टिमीटर बॅटरीला लावून इंजिन चांगल्या वेगात ठेवावे. १४ ते १४.५ व्होल्ट दिसले की ठीक, १५ च्या वर गेले तर तो रेग्युलेटर बॅटरी उकळवणार आहे.

कायदा आणि विमा

झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे हा फेरबदल नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फटाके फोडणारे सायलेन्सर, भलत्या मापाची चाके, दुसऱ्या गाडीचे फोर्क हे सगळे यात येतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि उत्तरही लेखी घ्यावे. अपघातानंतर नुकसान तपासायला आलेला विम्याचा सर्व्हेअर सर्वांत आधी हेच बघतो.

पार्ट सदोष निघाला तर पार्ट, डबा आणि पावती यांचे फोटो काढून विक्रेत्याला लेखी कळवावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तू आयात करणाराही विक्रेता गणला जातो, त्यामुळे ‘माल बाहेरचा आहे, आम्ही काय करणार?’ हे उत्तर चालत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. पावती नसेल तर मात्र या साऱ्याचा फार उपयोग होत नाही, म्हणून ‘बिलाशिवाय पन्नास रुपये कमी’ हा सौदा नाकारावा.

बसवल्यानंतर

गॅरेजमध्ये पार्ट बसवताना समोर उभे राहावे आणि जुना भाग मागून घ्यावा. मेस्त्रींना राग येऊ नये म्हणून ‘जुना पार्ट द्या, घरी मुलाला दाखवायचा आहे’ असे मी सांगतो. मुलगा आता कॉलेजात जातो, पण सबब अजून चालते. जुन्या भागावर तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. शंभर किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत. पहिला आठवडा रोज घरी आल्यावर दोन्ही चाकांच्या हबजवळ हात न टेकवता उष्णता बघावी. ब्रेक फारसा न वापरताही एक हब चटका लागण्याइतका तापलेला असेल, तर ब्रेक घासत आहे किंवा बेअरिंग बसत आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवावे, कान जवळ न्यावा आणि खरखर ऐकावी.

लांबच्या प्रवासाला निघताना मी अजूनही मूळ ब्रेक लिव्हर, जोडकड्याची एक जादा क्लिप आणि तो आठचा पाना एका जुन्या मोज्यात घालून सीटखाली ठेवतो.